कळसाखाली बारा बिऱ्हाडं

सत्तर फूट

कुरणवाडीत सगळ्यात उंच काय, ते सांगायला मोजपट्टी लागत नव्हती. कंपनीची पाण्याची टाकी. सत्तर फूट, वर लाल दिवा. काळेवाडीकडून या नाहीतर दापोडीकडून, गाव दिसायच्या आधी टाकी दिसायची. नगरपालिकेच्या सभागृहाच्या खिडकीत तर ती फोटोसारखी चौकटीत बसली होती. त्याच खिडकीकडे पाठ करून नगराध्यक्ष अण्णासाहेब सांगत होते, की या गावात भैरोबाच्या कळसावर काही गेलं नाही, जात नाही, आणि आपण खुर्चीत आहोत तोवर जाणारही नाही.

"मग ती टाकी?" भिवा साळवेनं विचारलं.

अण्णासाहेबांनी मागं वळून पाहिलं नाही. टाकी आहे तिथंच असणार, हे त्यांना माहीत होतं. तिच्याखालची जमीन त्यांनीच कंपनीला दिली होती.

"ती कंपनीची हाय," शेजारून सोपानराव बोलले. सोपानराव म्हणजे अण्णासाहेबांचा उजवा हात, आणि बोलायची वेळ आली की तोंडही.

"कंपनीची म्हणून बुटकी होते का?"

"अरं बाबा, टाकीत माणसं ऱ्हात्यात का? देवाच्या डोक्यावर माणसानं पाय ठिवायचा न्हाई, एवढाच रिवाज. पाण्यानं ठिवला तर चालतोय."

सभागृह हसलं. भिवाही हसला असता, पण या सभेसाठी त्यानं दुसऱ्या शिफ्टची रजा टाकली होती, आणि महिन्यातली ही तिसरी रजा होती.

एकोणऐंशी सालची ही गोष्ट. भिवा वॉर्ड सहामधून निवडून आलेला. कामगारांचा वॉर्ड. कुरणवाडीच्या नगरपालिकेत खुर्चीवर बसलेला पहिला बौद्ध माणूस. कंपनीत तो टूलरूममध्ये तपासनीस होता. लेथवरून उतरलेला, ग्राइंडरवरून उतरलेला प्रत्येक तुकडा त्याच्या टेबलावर यायचा, तो मोजायचा आणि पास की नापास ते चिठ्ठीवर लिहायचा. केसाच्या जाडीचा फरक साळवे बोटाच्या टोकानं सांगतो, असं शॉपमध्ये बोललं जायचं. पण या सभागृहात वर्षभर त्याला एक गोष्ट काही केल्या मोजता आली नव्हती. आपण बोललेलं जातं कुठं?

ते कार्यवृत्तात जायचं. असं :

विषय क्र. ९. बांधकामांच्या उंचीबाबत चर्चा झाली. मा. सदस्य श्री. साळवे यांनी टाकीबाबत शंका विचारली. शंकेचे निरसन करण्यात आले.

पावणेपस्तीस फूट

भिवाला उंची हौसेसाठी नको होती. बारा घरांसाठी हवी होती.

नाल्याकडच्या उताराला बारा कामगारांच्या सोसायटीला जमिनीचा एक तुकडा मिळाला होता. आतून अठ्ठेचाळीस फूट लांबीचं बांधकाम बसेल, त्याहून वीतभरही जास्त नाही. एका मजल्यावर चार खोल्या, असे तीन मजले. सोसायटीचा सेक्रेटरी भिवाच, आणि नकाशाही त्यानंच काढलेला. जोतं दोन फूट, प्रत्येक मजला स्लॅबसकट नऊ फूट अकरा इंच, वर गच्चीचा तीन फुटी कठडा. बेरीज चौतीस फूट नऊ इंच. यात शोभेचा म्हणून एक इंच नव्हता.

पायाही खणला नव्हता, तेव्हाच बाराही जणांनी चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटून घेतल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरची कडेची खोली सरूबाईला लागली.

सरूबाई भिवाची थोरली बहीण. दापोडीला रुळाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत दोन मुलींना घेऊन राहायची. नवरा वारल्यावर कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला लागली होती. चिठ्ठी लागली त्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, "वर गाडीचा आवाज येतुया का?"

"अक्का, इथं रूळच नाहीत."

"मग दार कुठल्याबी बाजूला काढ."

दापोडीचा खोलीमालक तिला पुढच्या दिवाळीपर्यंतच ठेवणार होता. तिथं रस्ता रुंद व्हायचा होता, आणि सरूबाईची खोली त्या रस्त्यात होती. ती हे कुणाला फार सांगायची नाही. भिवाला मात्र महिना संपला की विचारायची, "सही झाली का रं?"

एकोणपन्नास फूट

सही ओव्हरसियरची व्हायची असते. पण कुरणवाडीत ओव्हरसियरच्या सहीच्या आधी एक हनुवटी होती.

रिवाज असा. घर बांधणाऱ्यानं पाया खणायच्या आधी जागेवर घराच्या उंचीची बांबूची परांची उभी करायची. देवळाच्या गुरवाला नारळ देऊन तिच्यावर चढवायचं. गुरवानं माथ्यावर उभं राहून भैरोबाकडे तोंड करायचं. कळस बघायला त्याची हनुवटी वर गेली, तर घर पास. सरळ राहिली किंवा खाली आली, तर घराची उंची कमी करायची. खाली चार जाणती माणसं गुरवाच्या हनुवटीकडे बघत उभी राहायची. नगरपालिका आली, निळे नकाशे आले, शिक्के आले, तरी हे चालूच राहिलं. कायद्यात हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला ते खोडताही येत नव्हतं.

विलास ओव्हरसियर भला माणूस. त्यानं भिवाला एकदा नगरपालिकेच्या जिन्यात गाठलं.

"भाऊ, डोक्याला ताप करून घेऊ नका. तुमचा प्लॉट उताराला, देऊळ टेकाडावर. तुम्ही चार मजले चढवले तरी ज्योतीराम गुरवाला मान वरच करावी लागणार. एकदा त्याला परांचीवर चढवा, दुसऱ्या दिवशी माझी सही घ्या."

"आणि नारळ?"

"नारळ मी आणतो की राव."

"नारळाचं नाही बोलत मी, विलासराव. त्या देवळाच्या पायरीवर माझ्या आज्याची सावली चालत नव्हती. छप्पन्न साली बापानं घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. आता आमचं घर उभं राहायचं तर त्याच देवळाचा गुरव वर चढून सांगणार, की ठीक आहे, राहा?"

विलास एक पायरी खाली उतरला. मग म्हणाला, "हनुवटी ज्योतीरामाची आहे, भाऊ. देवळाची नाही."

"तुम्हाला तसं दिसतं."

यात भिवाचं चुकत होतं असं कोण म्हणेल? आणि विलासचंही चुकत नव्हतं. दोघंही बरोबर असले की तिसऱ्याचं फावतं.

आठवड्याची सुट्टी गुरुवारची. त्या गुरुवारी भिवानं गवंड्याकडून पातळी घ्यायची पाण्याची नळी मागून आणली आणि प्लॉटवरच्या खुंटीपासून देवळाच्या जोत्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं पातळी नेत गेला. नळीचं दुसरं टोक धरायला बायको, कस्तुरा.

"लोकं बघत्यात," ती म्हणाली.

"बघू देत. तू नळी हलवू नको."

"मी न्हाई हलवत. हात भरून आला की पाणीच हलतंय."

संध्याकाळपर्यंत बावीस फूट निघाले. देवळाचं जोतं प्लॉटपेक्षा बावीस फूट वर. जोत्यापासून कळसाचं टोक अठरा हात, म्हणजे सत्तावीस फूट. हे गुरवाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, कारण वर्षाचं निशाण बदलताना वरून दोर सोडावा लागायचा. बावीस आणि सत्तावीस, एकोणपन्नास. भिवाच्या गच्चीचा कठडा कळसाच्या टोकाखाली सव्वाचौदा फूट राहत होता.

म्हणजे ज्योतीरामाची हनुवटी जे सांगणार होती, तेच आकडाही सांगत होता. भिवाचं म्हणणं एवढंच होतं, की मग आकड्यालाच सांगू द्या.

घरी आल्यावर त्यानं नगरपालिकेच्या कागदावर सूचना लिहिली : नगरपालिका हद्दीतील बांधकामाची उंची कोणाच्याही नजरेवर अवलंबून न ठेवता फुटांत निश्चित करावी, व ती ...... फूट असावी.

आकड्याची जागा त्यानं मोकळी ठेवली.

टूलरूममध्ये मोजायच्या आधी आकडा लिहिणं म्हणजे चोरी. चिठ्ठीवर रकाना मोकळा सोडायचा, माल टेबलावर घ्यायचा, मोजायचा, मग लिहायचं. सतरा वर्षांत भिवानं एकदाही आधी आकडा लिहिला नव्हता. त्याला वाटलं, सभागृह समिती नेमेल, समिती त्याच्यासारखीच नळी घेऊन गावभर हिंडेल, टेकाडावर किती आणि उताराला किती ते काढेल, आणि मग रकाना भरेल. मोकळी जागा दिसली की सभागृह काय करतं, हे कुठल्याच टूलरूममध्ये शिकवत नाहीत.

सत्तावीस फूट

अण्णासाहेबांनी सूचना दोनदा वाचली. चष्मा काढला.

"भिवाराव, झकास. आमी म्हणतो, कवाच व्हायला पायजे हुतं ह्ये. गुरवाच्या मानंवर गाव किती दिस चालवायचं? जमाना फुटाचा हाय."

बाकं वाजली. भिवा सावध झाला, पण उशिरा.

"आता आकडा घालू. ज्योतीरामाला बलावलंय न्हवं?"

ज्योतीराम गुरव दाराशी टोपी हातात घेऊन उभाच होता.

"कळस किती?"

"अठरा हात."

"फुटात सांग, आता फूट आलं."

"सत्तावीस."

"लिवा. सत्तावीस."

"थांबा," भिवा उठला. "सत्तावीस कुठून?"

"वरनं खाली," सोपानराव म्हणाले.

"खाली कुठपर्यंत?"

"जोत्यापतुर. आत्ता सांगितलं की त्यानं."

"देवळाच्या जोत्यापर्यंत. देऊळ टेकाडावर आहे. नाल्याकडचा कुठलाही प्लॉट घ्या, तो देवळाच्या जोत्यापेक्षा वीस-बावीस फूट खाली आहे. तिथं सत्तावीस फुटी घर बांधलं तर त्याची गच्ची जोत्याच्या पाच फूट वर येते. कळस राहिला कुठल्या कुठं. कळसाच्या वर जायचं नाही ना? मान्य. मग कळसाच्या टोकाची पातळी धरा, सगळ्या गावाला तीच एक. आधी कुठून मोजायचं ते ठरवा. किती, ते नंतर. आमच्याकडे तर..."

"आमच्याकडं म्हंजी कुठं? कंपनीत?"

"कंपनीत. तिथं आधी पाया धरतात. ज्याच्यावरून मोजायचं तो."

"मग आपुन देवाचा पाया धरला. आणखी कुणाचा धरायचा? नाल्याचा?"

पुन्हा हसू. भिवानं वहीतलं चित्र फाडून काढलं. टेकाड, उतार, नाला, तीन उभ्या रेघा, पातळीची एक आडवी. "हे फिरवा. बघा जरा." कागद फिरला. बावीस सदस्यांच्या हातांतून गेला आणि परत आला तेव्हा त्याच्यावर चहाच्या कपाचं गोल वळं उमटलं होतं, बरोब्बर टेकाडावर.

"म्हंजी असं बगा," सोपानरावांनी सगळ्यांना समजावून दिलं, "टेकाडावरल्यानं बांधायचं सत्तावीस, आन खालच्यानं बांधायचं पन्नास. खालच्याचं घर वरच्याच्या दुप्पट. ह्यो कुठला न्याव?"

सोपानराव उताराबद्दल बोलत होते. सभागृहात सगळ्यांनी तसंच धरलं.

"मग मी सूचना मागं घेतो," भिवा म्हणाला.

"सभेच्या परवानगीबिगर घेता येत न्हाई. घ्यू द्यायची का? हात वर करा."

दोन हात वर झाले. त्यातला एक भिवाचा.

"न्हाई मिळाली परवानगी. बसा भिवाराव. तुमचीच सूचना, आन तुमीच इरोध केला तर लोकं हसतील. समान नियम मागितला, समान दिला. आता कुणाच्या हनुवटीकडं बगायचं काम न्हाई."

शेवटी एक ओळ जोडली गेली : कारखाने, त्यांच्या चिमण्या, पाण्याच्या टाक्या व चित्रपटगृहे वगळून. चित्रपटगृह गावात एकच होतं, अर्धं बांधलेलं, टेकाडाच्या पायथ्याशी, अण्णासाहेबांचं.

"देवाच्या डोक्यावर सिनेमा चालतो?" भिवानं विचारलं.

"बघणारे बसलेले असत्यात," सोपानराव म्हणाले. "उभं कोण ऱ्हातंय तिथं?"

विषय क्र. ४. बांधकामाची उंची सत्तावीस फुटांपेक्षा जास्त असू नये. सूचक : श्री. भिवा साळवे. अनुमोदक : श्री. सोपानराव. ठराव सर्वानुमते मंजूर.

"सर्वानुमते कसा?" भिवानं हेडक्लार्कला दुसऱ्या दिवशी विचारलं. "मी विरोधात होतो."

"तुम्ही सूचक आहात, साहेब. सूचक विरोधात नसतो. छापील नमुन्यात तसा रकानाच नाही."

सत्तावीस फूट, बेरीज-वजाबाकी

भिवानं तिसरा मजला वाचवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. छत नऊ फुटांवर आणलं, वर पाच इंची स्लॅब; त्याखाली आणायला दुसरा नियम आडवा. गच्चीचा कठडा काढून टाकला. तरी तीस फूट तीन इंच. जोतं उडवलं तर सव्वाअठ्ठावीस, आणि पावसाळ्यात नाला घरात. वहीची आठ पानं भरली. नवव्या पानावर त्यानं नुसतं सत्तावीस लिहिलं आणि त्याच्याखाली पेन्सिल एवढी दाबली की टोक मोडलं.

विलासनं नकाशा परत दिला. तिसऱ्या मजल्यावर लाल काट.

"मी काय करू भाऊ? आधी मला नजर होती, आता आकडा आहे. आकड्यावर मला सही फिरवता येत नाही."

कँटीनच्या मागच्या दाराशी त्यानं सरूबाईला गाठलं. तिचे हात कोपरापर्यंत पिठाचे. त्यानं सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, नळी, पातळी, मोकळा रकाना.

"येक सांग," शेवटी ती म्हणाली. "गुरव चढला असता तर पास झालं असतं?"

"झालं असतं."

"मग तू नको म्हणलास."

"अक्का, त्यांच्या देवळाच्या माणसानं आपल्या घरावर..."

"मला नको शिकवू. बापानं देव सोडले तवा गाठोडं माझ्या डोईवर हुतं. तू मागनं येत हुतास खडं मारीत." तिनं हात झटकले. "पर देव सोडताना घर सोडाया लागंल, असं कुणी म्हणलं न्हवतं."

त्याच दिवशी सुटी झाल्यावर ती कुणाला न विचारता टेकाडाकडे निघाली. भिवा मागून. तो देवळाच्या पायऱ्यांशी खालीच थांबला. ती चार पायऱ्या चढून गेली आणि ज्योतीरामासमोर उभी राहिली.

"आमच्या जागंवर चढशील का? परांची बांधून देतो. नारळ बी देते."

ज्योतीराम समईची वात काढत होता. त्यानं हात पुसले.

"सरूबाई, मी आत्ता येतो. परांचीवर चढायला मला जात लागत न्हाई, गुडघं लागत्यात. पर माझ्या मानंला आता कोण इचारतंय? परवा सोपानरावाच्या पुतण्यानं पाया काढला, मला बलावणं न्हाई. फीत लावली, झालं." त्यानं खाली भिवाकडे पाहिलं. रागानं नाही, राग असता तर भिवाला बरं वाटलं असतं. "ह्यानंच केला ठराव. बरं केलं एका परीनं, माझं गुडघं तरी सुटलं."

"आन आमच्या जागंवर?" सरूबाईनं विचारलं. "मान वर गेली असती?"

"तुमची जागा हितनं दिसती की. मान वर? पाक पाठीला लागली असती."

सरूबाई खाली उतरली. भिवाजवळून जाताना थांबली नाही. सबंध उतारभर भिवाला वाटत होतं, की आपल्याशी कुणीतरी एक खोटं, वाईट, मुद्दाम बोलावं, म्हणजे भांडता येईल. पण जो तो आपापल्या जागी खरंच बोलत होता.

सात फूट सव्वाआठ इंच

सोसायटीची बैठक भिवाच्या घरासमोर. जय भीम झाला, पाणी झालं. मग आठ खोल्या आणि बारा बिऱ्हाडं एवढंच मध्ये उरलं. वगळायचे चार कोण, हे तोंडानं कुणी विचारेना. शेवटी चिमाबाईंनी विषय काढला. त्यांच्या नवऱ्याची चिठ्ठी तळमजल्याची होती.

"ज्यांची चिठ्ठी वर गेली ती चिठ्ठीनंच गेली. त्यात आमी काय करणार?"

"वा," सरूबाई म्हणाली. "मजला देवानं उडवला न्हाई चिमाबाई. तुमच्या सेक्रेटरीनं उडवला."

सगळे भिवाकडे बघायला लागले. सांगण्यासारखं त्याच्याकडे होतं, पण ते सगळं मोजलेलं होतं, आणि मोजलेलं ऐकायला त्या बैठकीत कुणी आलं नव्हतं.

"ह्या भिंती," दारातून कस्तुरा बोलली. हातात परात, त्यात निवडायचे तांदूळ. "ह्या बांधून झाल्यात का?"

"नाही. कागदावर आहेत."

"मग सरकवा की. वर जायचं न्हाई ना? चाराच्या सहा करा."

"सहा बसत नाहीत."

"मोजलंत?"

मोजलं नव्हतं. ती त्याला वर्षभरातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट वाटली. त्यानं वही काढली. अठ्ठेचाळीस फूट, मधल्या भिंती पाच, प्रत्येकी साडेचार इंच. उरलेल्याला सहानं भागायचं. सात फूट सव्वाआठ इंच. नियमाप्रमाणे खोली शंभर चौरस फूट तरी हवी, म्हणून गॅलरीतले सात इंच आत ओढायचे, खोली तेरा फूट एक इंच खोल करायची. शंभर भरले, वर चिमूटभर. नकाशा पास होणार होता. पावणेबारा फुटांची खोली पावणेआठाच्याही आतली झाली आणि आठ बिऱ्हाडांनी मान खाली घालून होकार दिला. चौघांना मान खाली घालायचीही गरज पडली नाही. उंचीवर वर्षभर भांडून शेवटी सगळे रुंदीत आवळले गेले. ठराव कुठल्याच सभेत झाला नाही, म्हणून कार्यवृत्तातही नाही.

गुरुवारी भिवानं प्लॉटवर चुन्यानं खोल्या आखल्या. घ्या बघून. बिऱ्हाडं आली ती सामानसुमानाच्या हिशेबानंच आली. एकानं दोन काठ्या आडव्या ठेवून खाट मांडली. दुसऱ्यानं शिलाई मशीनचं माप दोरीनं आणलं होतं. एकजण सरळ मातीत आडवा झाला, हात पसरले, आणि दोन्ही हातांची बोटं शेजाऱ्यांच्या चुन्यापासून वीतभर राहिली. "बसतोय," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. तळमजल्याची आखणी तीच वरच्या मजल्याची, त्यामुळे एकाच चौकोनात दोन-दोन घरं उभी होती, आपापली चूल कुठं ते दाखवत.

नव्या चिठ्ठ्या झाल्या होत्या. सरूबाईला कडेची खोली लागली, यावेळी तळमजल्याची. तिला लागून चिमाबाई. मधली चुन्याची रेघ चिमाबाईंच्या मुलीच्या पायानं पुसली गेली आणि तिथून भांडण उठलं.

"भिंत हिच्यात गेली पायजे," चिमाबाई म्हणाल्या. "हिला कडंची भिंत आयती मिळाली."

"आन माझी माती कडंनं खचंल ती? ती कोण घेणार?"

"साळवेसाहेब, तुमीच मोजा. बहीण म्हणून नको."

"मी कुणाला बहीण म्हणून मोजत नाही," भिवा म्हणाला, आणि ते खरं होतं. त्यानं फीत काढली. "अक्का, टोक धर. कडेच्या रेघेवर."

सरूबाई उकिडवी बसली. फितीचं टोक तिनं रेघेवर ठेवलं, मग अंगठ्याखाली धरून दोन बोटं आत घेतलं, आपल्या खोलीत. लपवायचा तिनं प्रयत्नसुद्धा केला नाही. मान वर करून ती भावाकडे बघत राहिली, फीत ताणून होईपर्यंत.

भिवानं फीत ओढली. सात फूट सव्वाआठ इंचांची खूण जिथं पडली, ती जागा चिमाबाईंच्या खोलीत दोन बोटं शिरलेली होती. पेन्सिलीच्या टोकाएवढा फरक त्याला कळायचा, हा तर दोन बोटांचा होता. चिमाबाई वाकून त्याच्या अंगठ्याकडे बघत होत्या. त्यांचं लक्ष त्याच्या टोकाकडे होतं. दुसऱ्या टोकाकडे कुणी बघत नव्हतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सात फूट सव्वाआठ," भिवानं मोठ्यानं वाचलं, आणि चुन्याची मूठ सोडली.